लिंकन, ट्रुमन, आयझेनहॉवर आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा

मामा-मामी या वेळी आमच्याकडे शिकागोला आले तेव्हा नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन वगैरे मागच्या खेपेलाच उरकलेलं होतं, त्यामुळे आता यांना काय दाखवायचं हा प्रश्न होता आणि मामाने तो जेट लॅग उतरायच्या आतच सोडवून टाकला. "लिंकनचं गाव इथून किती लांब गं?" मामा हायस्कूलचा हेडमास्तर म्हणून रिटायर झालाय, त्याला थीम पार्कला नेणं म्हणजे शिक्षाच. मला स्वतःला म्युझियमची पोस्टकार्डं जमवायचा नाद आहे, बुटांची रिकामी खोकी त्यानेच भरलीत, तेव्हा मी लगेच नकाशा उघडून बसले. स्प्रिंगफील्डहून तसंच पश्चिमेला जात राहिलं तर मिझुरीत ट्रुमनचं गाव लागतं, त्याच्या पुढे कॅन्ससमध्ये आयझेनहॉवरचं, आणि परत येताना आयोवातून आलं तर हूव्हरचं गाव हायवेला चिकटूनच आहे. नवऱ्याला सुट्टी नव्हती (असं तो म्हणाला), मामी म्हणाली मी येते पण गाडीत मी देईन तेच खायचं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे चौघंही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. इथे राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला की त्याच्या कागदपत्रांसाठी एक लायब्ररी आणि तिला जोडून म्युझियम उभं राहतं. प्रथा फ्रँकलिन रूझवेल्टने पाडली, त्याची हाइड पार्कची लायब्ररी १९४१ मध्ये उघडली, आणि तेव्हापासून यातली बहुतेक ठिकाणं नॅशनल अर्काइव्ह्ज हा सरकारी दप्तरखाना सांभाळतो. लिंकनचं म्युझियम मात्र इलिनॉय राज्याचं आहे. सगळीकडे एक गोष्ट सारखी, बाहेर पडताना वाटेत दुकान येतंच. लोक तिथे मॅग्नेट आणि कॉफीचे मग घेतात, मी सरळ कार्डांच्या फिरत्या रॅकपाशी जाते, कारण आपला माणूस लोकांनी कसा लक्षात ठेवावा अशी म्युझियमची इच्छा आहे ते त्या रॅकवर लगेच दिसतं. आणि काय ठेवलेलं नाही तेही बघण्यासारखं असतं.

बुधवार, स्प्रिंगफील्ड

शिकागो ते स्प्रिंगफील्ड साधारण दोनशे मैल, सरळसोट आय-५५ हायवे, दोन्ही बाजूंना मका नुकता वर आलेला. मामीने ब्लूमिंग्टनच्या आतच मेतकूट लावलेले पोहे संपवले. दुपारी थेट म्युझियममध्ये.

हे म्युझियम २००५ साली उघडलं आणि हे बाकीच्यांसारखं काचेच्या पेट्यांचं म्युझियम नाही. मधल्या चौकात लिंकन, त्याची बायको आणि मुलं असे सगळे पुतळे कुटुंबाच्या फोटोला उभे राहिल्यासारखे उभे आहेत, मागे व्हाइट हाऊसचा दर्शनी भाग, आणि जरा बाजूला एक देखणा मिशीवाला माणूस टेकून उभा असतो. मामाने त्याच्याशेजारी उभं राहून हसत फोटो काढून घेतला. तो जॉन विल्क्स बूथ आहे, लिंकनला गोळी घालणारा, हे मी सांगितल्यावर फोटो डिलीट करायचं फर्मान निघालं. (केलेला नाही.)

आत अमेरिकेचं यादवी युद्ध चार मिनिटांत दाखवतात. एक नकाशा, एका सेकंदाला युद्धाचा एक आठवडा, उत्तरेचा निळा आणि दक्षिणेचा लाल रंग एकमेकांवर सरकत राहतात आणि कोपऱ्यात माणसांचा आकडा पळत असतो. मामाने ते पुन्हा पाहिलं. मामी तोवर पुढे विली लिंकनच्या खोलीत जाऊन थांबली होती. १८६२ चा फेब्रुवारी, खाली व्हाइट हाऊसमध्ये मोठी मेजवानी चालू आहे आणि वर अकरा वर्षांचा मुलगा तापाने पडलाय, आई मेजवानीच्या झगमगीत कपड्यांतच त्याच्याजवळ बसलीये, बाप दारात. मामी म्हणाली, "चारातले तीन मुलगे गेले ना हिचे?" मामी इतिहास वाचत नाही, पण हे तिने प्रत्येक फलक वाचून हिशेब लावून काढलं होतं. एडी १८५० मध्ये, विली १८६२ मध्ये, टॅड नवऱ्याच्या नंतर १८७१ मध्ये. एकटा रॉबर्ट राहिला. त्यानंतरचे दोन हॉल ती मामाशी काही बोलली नाही.

मग दुकान. आणि इथे जे झालं त्यासाठी ही अख्खी ट्रिप वसूल.

महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या माणसाला लिंकनचं हेडमास्तरांना पत्र माहीत नाही असं होत नाही. स्टाफरूममध्ये, स्नेहसंमेलनात, निरोप समारंभात ते असतंच. मामाच्या ऑफिसात तर ते त्याच्या खुर्चीच्या बरोबर मागे फ्रेम करून लावलेलं होतं, मी लहानपणी बघितलंय. तर मामा काउंटरवर गेला आणि त्याच्या हेडमास्तरी इंग्रजीत विचारलं, लिंकनने आपल्या मुलाच्या शिक्षकांना जे पत्र लिहिलं त्याचं कार्ड मिळेल का. काउंटरवरच्या बाई साठीच्या पुढच्या, चष्म्याला मण्यांची साखळी. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "इंडियातून आलात का?" मामा खूश. मग त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं की तुमच्याकडचे बरेच जण हे विचारतात, पण लिंकनच्या लिखाणाचे जे संग्रह आहेत त्यांत असं पत्र कुठेच नाही आणि त्याने ते लिहिल्याचा कसलाही पुरावा नाही.

मामा थोडा वेळ गप्प. मग, "मग लिहिलं कुणी?"

बाईंनी खांदे उडवले.

"इतकी वर्षं माझ्या डोक्यामागे टांगलेलं होतं," मामा मला मराठीत म्हणाला. "इन्स्पेक्शनला आलेल्या प्रत्येक साहेबाला मी दाखवलंय ते."

मामी म्हणाली, "अहो, पत्र चांगलं होतं ना? मग झालं तर."

मामाला ते पटलं नाही. त्याला जरा बरं वाटावं म्हणून मी टोपीची गोष्ट सांगितली. या म्युझियमच्या फाउंडेशनने २००७ मध्ये लिंकनच्या वस्तूंचा एक मोठा संग्रह विकत घेतला, त्यात त्याची म्हणून एक उंच काळी हॅट होती, आणि नंतर अभ्यास केला तर ती त्याचीच होती असा पुरावा सापडला नाही, २०१९ मध्ये तसा अहवालही आला. म्हणजे फसायचं झालं तर तू एकटा नाहीस मामा, मोठमोठे लोक फसलेत. यावर तो पहिल्यांदा हसला.

बाईंनी मग त्याला रॅकवरून दुसरं एक कार्ड काढून दिलं. हे पत्र खरं आहे. ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने ऑक्टोबर १८६० मध्ये निवडणुकीला उभ्या असलेल्या लिंकनला लिहिलं की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवा, छान दिसाल. १९ ऑक्टोबरला लिंकनने तिला उत्तर दिलं, आत्तापर्यंत कधी ठेवली नाही, आता एकदम ठेवली तर लोक हसतील असं वाटत नाही का तुला? आणि ठेवली. पुढच्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनला जाताना तिच्या गावाला गाडी थांबली तेव्हा तिला शोधून भेटला. मामाने ही कार्डं चार घेतली. मी गेटिसबर्गच्या भाषणाचं घेतलं, लिंकनच्या हातच्या पाच प्रतींपैकी एक याच लायब्ररीकडे आहे. जेमतेम पावणेतीनशे शब्दांचं भाषण, एका कार्डावर आरामात मावतं.

विलीच्या खोलीचं कार्ड रॅकवर दिसलं नाही. बूथचंही नाही, ते समजू शकतो.

रात्री स्प्रिंगफील्डची खासियत म्हणून हॉर्सशू खाल्लं. खाली टोस्ट, त्यावर पॅटी (आम्ही व्हेज घेतली), त्यावर फ्रेंच फ्राइजचा डोंगर आणि त्या सगळ्यावर चीज सॉस ओतलेला. तिघांत एक मागवा, किंवा अर्ध्या साइजचं पोनीशू मिळतं ते घ्या. मामीने सॉसखालचे बटाटे खोदून काढले, धुऊन मिळतील का असं तिला विचारायचं होतं, मी विचारू दिलं नाही.

कार्डांसाठी टिप: तिकिटं म्युझियमच्या दुकानात मिळतीलच असं नाही, निघायच्या आधी पोस्टातून घेऊन ठेवा. परदेशी पाठवायला ग्लोबल फॉरेव्हर नावाचं गोल तिकीट मिळतं, साधारण पावणेदोन डॉलरच्या आसपास, ते एक लावलं की कार्ड जगात कुठेही जातं. नंतर दर वाढले तरी तेच चालतं. आणि गुळगुळीत कार्डांवर जेल पेनने लिहू नका, पुसतं, साधं बॉलपेन बरं.

गुरुवार, घर, समाधी आणि मिसिसिपीच्या पलीकडे

सकाळी लिंकनचं घर. नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, टूर फुकट, पण व्हिजिटर सेंटरमधून वेळेचं तिकीट घ्यावं लागतं, सकाळी लवकर गेलात तर बरं. आयुष्यात त्याच्या मालकीचं हे एकच घर, १८४४ ते १८६१ तिथे राहिला. रेंजर एक तरुण पोरगी होती, फार छान सांगत होती, आणि जिन्यापाशी आल्यावर म्हणाली की घरात कशालाही हात लावू नका, फक्त या कठड्याला लावा, हा मूळचा आहे, लिंकन रोज हाच धरून वर जायचा. मामा त्या जिन्यावर इतका हळू चढला की मागची सगळी रांग खोळंबली. वर पोचेपर्यंत त्याने हात उचलला नाही.

व्हिजिटर सेंटरमध्ये पार्कचा तारखेचा शिक्का ठेवलेला असतो, लोक तो पासपोर्टसारख्या वहीत मारतात. तो पोस्टकार्डाच्या मागे मारायचा! फुकट, तारीख आणि जागा दोन्ही येतात. शाई मात्र वाळू द्या. नॅशनल अर्काइव्ह्जच्या लायब्ऱ्यांचीही अशी वेगळी वही आणि शिक्के असतात.

मग ओक रिज स्मशानभूमीत समाधी. बाहेर शिल्पकार गुट्झन बोर्ग्लमने केलेलं लिंकनचं ब्राँझचं डोकं आहे आणि नाक घासलं की नशीब उघडतं म्हणून लोकांनी घासून घासून नाक सोन्यासारखं पिवळं केलंय. मामा म्हणाला थोर माणसाच्या नाकाला हात लावायचा असतो का. मामीने तोवर लावून झाला होता. आत गारवा, शांतता आणि लाल दगड. शवपेटी मात्र त्या दगडात नाही. १८७६ मध्ये चोरांनी लिंकनचा मृतदेह पळवायचा प्रयत्न केला होता, खंडणीसाठी, म्हणून १९०१ मध्ये पेटी खाली दहा फूट खोल पुरून वर काँक्रीट ओतलं.

दुपारी पश्चिमेला निघालो. मिसिसिपी ओलांडली की लगेच हॅनिबल, मार्क ट्वेनचं गाव. तिथे आम्ही खरं तर चहासाठी थांबलो होतो, चहा काही मिळाला नाही, पण एका जुन्या वस्तूंच्या दुकानात जुन्या पोस्टकार्डांचं खोकं मिळालं. मामा-मामींना बाहेर बाकावर बसवलं आणि मी बोटं काळी होईपर्यंत चाळत बसले.

जुनी कार्डं घ्यायची असतील तर आधी पाठ बघा. पाठीवर मधली रेघ नसेल, म्हणजे सगळी जागा पत्त्यासाठीच असेल, तर कार्ड बहुतेक १९०७ च्या आधीचं, तेव्हा मजकूर चित्राच्या बाजूला कडेला लिहावा लागायचा. चित्राभोवती पांढरी चौकट असेल तर साधारण पहिल्या महायुद्धापासून १९३० पर्यंतचं. कागद कापडासारखा खरखरीत आणि रंग भडक असतील तर ते लिनन कार्ड, तीस-चाळीसच्या दशकातलं, यातली ढिगाने आमच्या शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीने छापलेली. चकचकीत फोटोवालं म्हणजे त्यानंतरचं.

मला एक लिनन सापडलं, नेमकं लिंकनच्या समाधीचं, आभाळ असं निळं की इलिनॉयमध्ये कधी असत नाही. मागे एक सेंटचं हिरवं तिकीट आणि शिसपेन्सिलीने कुणीतरी लिहिलेलं, थोडक्यात इतकंच की फार उकडतंय आणि चालून पाय दुखतायत. १९५१ संपेपर्यंत कार्ड एका सेंटमध्ये जायचं. ते तिकीट १९३८ च्या राष्ट्राध्यक्षांच्या मालिकेतलं आहे, आणि त्या मालिकेत पहिल्या बाविसांपर्यंत ज्याचा जो नंबर तेवढ्या सेंटचं त्याचं तिकीट, म्हणून एक सेंटवर वॉशिंग्टन आणि लिंकन सोळा सेंटवर. हे ऐकून मामाने तिथेच बाकावर बसून बाकीचे नंबर पाठ आहेत का बघायला सुरुवात केली, तेराव्याला अडला.

पुढे यूएस-३६ वर अंधार पडेपर्यंत गाडी. इंडिपेंडन्सला पोचलो तेव्हा मामी मागे झोपलेली.

शुक्रवार, इंडिपेंडन्स

खरं सांगायचं तर ट्रुमनबद्दल मला विशेष उत्सुकता नव्हती आणि शेवटी हेच म्युझियम मनात जास्त घर करून बसलं.

आत शिरताच समोर थॉमस हार्ट बेंटनचं अख्खी भिंत व्यापणारं चित्र, पश्चिमेकडे निघालेले लोक, बैलगाड्या, तिथल्या मूळच्या रेड इंडियन टोळ्या. ते रंगवणं चालू असताना ट्रुमनही परांचीवर चढला आणि आभाळाचा थोडा निळा रंग त्याने लावला. ही लायब्ररी १९५७ मध्ये उघडली, तो स्वतः इथे ऑफिसला यायचा, आणि कर्मचारी यायच्या आधी आला तर फोनही उचलायचा, म्युझियम किती वाजता उघडतं असं विचारणाऱ्याला माजी राष्ट्राध्यक्षच वेळ सांगायचा. मामाला हे फार म्हणजे फार आवडलं. "शाळेत मी हेच करायचो," म्हणाला. हे खरं आहे, घंटाही तोच द्यायचा.

अणुबॉम्बच्या दालनात नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचा सेफ्टी प्लग आहे. तळहातात मावेल एवढी वस्तू. तो काढून त्या जागी दुसरा बसवला की बॉम्ब तयार. आणि त्याच दालनात हिरोशिमाच्या सादाको सासाकीने घडी घातलेला कागदाचा एक क्रौंच पक्षी, तोही इतका लहान की बघायला वाकावं लागतं, किरणोत्सर्गाने आजारी पडल्यावर बरं व्हायच्या आशेने ती हे पक्षी करायची. तिच्या घरच्यांनी तो इथे दिलाय. बाजूला कुणी भाषण ठोकत नाही, दोन्ही वस्तू आहेत, तुम्ही बघा.

कोरियाच्या युद्धाच्या भागात एक पत्र आहे. कोरियात मुलगा गेला त्या बापाने १९५३ मध्ये ट्रुमनला लिहिलेलं, सोबत मुलाला मरणोत्तर मिळालेलं पर्पल हार्ट पदक परत केलंय. मजकूर चार ओळींचा, आमच्या मुलाच्या मृत्यूला तुम्हीच जबाबदार आहात, तेव्हा हे तुमच्याच ट्रॉफींत ठेवा, अशा अर्थाचा, आणि पुढे ट्रुमनच्या मुलीबद्दल एक वाक्य आहे ते मला इथे लिहवत नाही. ट्रुमन १९७२ मध्ये गेला तेव्हा हे पत्र आणि पदक त्याच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये मिळालं. फाइल केलं नव्हतं, फेकलंही नव्हतं, हाताशी ठेवलं होतं. मामाने मला ते सावकाश मराठीत मामीला सांगायला लावलं आणि स्वतः बाहेर अंगणात जाऊन बसला, ट्रुमन आणि त्याची बायको बेस यांना तिथेच पुरलंय.

दुकानात रॅकवर काय? "द बक स्टॉप्स हिअर"ची टेबलावरची पाटी, म्हणजे शेवटची जबाबदारी माझी. आणि शिकागो ट्रिब्यूनचा १९४८ चा तो अंक हातात धरून दात दाखवणारा ट्रुमन, ज्यात मोठ्या अक्षरांत छापलंय की निवडणुकीत ड्युईने ट्रुमनला हरवलं, आणि जिंकला होता ट्रुमन. शिकागोकर म्हणून मी ते कार्ड नेहमी घेते. पत्राचं कार्ड नव्हतं, पक्ष्याचंही नव्हतं. मी विचारलं. नसावंच कदाचित, असलं काही कुणाला पाठवणार आणि मागे लिहिणार काय.

ट्रुमनचं घर तिथून जवळच डेलावेअर स्ट्रीटवर, तेही पार्क सर्व्हिसकडे. दारातच त्याचा कोट आणि हॅट खुंटीला. या माणसाने बायकोला लिहिलेली तेराशेच्या वर पत्रं लायब्ररीत आहेत. बेसने स्वतःची मात्र बरीचशी जाळली, असं सांगतात की ती शेकोटीत पत्रं टाकत असताना ट्रुमन म्हणाला अगं इतिहासाचा विचार कर, तर ती म्हणाली, तोच केलाय. मामी यावर एवढ्या जोरात हसली की रेंजरने वळून पाहिलं.

आणखी एक. माजी राष्ट्राध्यक्षांच्या टपालाला तिकीट लागत नाही, तिकिटाच्या जागी सही चालते. मामा गोल तिकीट चिकटवताना: "आणि आपल्याला पावणेदोन डॉलर."

चौकात ट्रुमनने पोरवयात पहिली नोकरी केली त्या औषधाच्या दुकानाच्या जागी आता आइस्क्रीमचं दुकान आहे, तिथे त्याचं आवडतं म्हणून चॉकलेट आइस्क्रीमवर बटरस्कॉच घालून देतात. हॉर्सशूपेक्षा मामीला हे शंभरपट बरं वाटलं. संध्याकाळी कॅन्ससमध्ये शिरलो. टर्नपाइक नावाच्या हायवेला टोल आहे आणि रोख घ्यायला कुणी बसलेलं नसतं, नंबर प्लेटवरून बिल घरी येतं, भाड्याची गाडी असेल तर आधीच चौकशी करा.

शनिवार, अ‍ॅबिलीन

टोपीकाच्या पुढे झाडं संपतात आणि नुसत्या गवताच्या टेकड्या, मग सपाट गहू, पिवळा व्हायला लागलेला. वारा इतका की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरायचं.

आज क्रम उलटा केला, आधी दुकान मग म्युझियम. कारण असं: इथल्या निळ्या पेटीत टाकलेलं टपाल वर्गवारीला मोठ्या शहराच्या केंद्रात जातं आणि शिक्का त्या शहराचा बसतो, गावाचा नाही. गावाचा हवा असेल तर पोस्टात खिडकीवर जाऊन हाताने शिक्का मारून द्या म्हणून सांगावं लागतं, आणि शनिवारी छोट्या गावांतलं पोस्ट लवकर बंद होतं. त्यामुळे दुकान उघडल्या उघडल्या कार्डं घेतली, तिथल्याच बाकावर बसून तिघांनी भराभर लिहिली. मामा प्रत्येक कार्डाला "सप्रेम नमस्कार, वि. वि." पासून सुरुवात करत होता, निम्मं कार्ड त्यातच संपायचं.

पोस्टात एकच खिडकी चालू, मागे एक दांडगा, लाल दाढीवाला माणूस. हँड कॅन्सल म्हटल्यावर त्याचा चेहराच खुलला. ड्रॉवरमधून लाकडी मुठीचा गोल शिक्का काढला, तारखेचे आकडे टाचणीने फिरवून बघितले, आधी एका रद्दी कागदावर दोनदा उठवून शाई किती बसतेय ते पाहिलं, मग एकेक कार्ड रबराच्या पट्टीवर ठेवून शिक्का तिकिटाच्या कडेवर अर्धा आणि कार्डावर अर्धा असा दाबला, आपटला नाही, दाबून जरासा डुलवला. प्रत्येक अक्षर उठलं. मग मामाचं अक्षर बघून विचारलं ही कुठली लिपी. मामाने त्याचं नाव देवनागरीत लिहून दिलं, ते त्याने खिडकीच्या काचेला आतून चिकटवलं.

मजकूर कुठल्याही लिपीत लिहा, पत्ता मात्र इंग्रजीत, पिनकोडसकट, आणि शेवटच्या ओळीत देशाचं नाव मोठ्या अक्षरांत. कार्डाच्या तळाशी बोटभर जागा मोकळी सोडा, मशीन तिथे बारकोड छापतं, नाहीतर शेवटची ओळ त्याखाली जाते.

मग निवांत म्युझियम. आदल्याच दिवशी ६ जून होऊन गेला होता, दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या स्वारीची तारीख, त्यामुळे टोप्या घातलेले बरेच म्हातारे सैनिक कुटुंबासह आलेले. त्या स्वारीचा सेनापती असलेल्या आयझेनहॉवरने तिच्या आधी एक चिठ्ठी लिहून ठेवली होती, हल्ला फसला तर जाहीर करायची. सैन्याने, विमानदलाने आणि नौदलाने शक्य ते सगळं केलं, दोष असेल तर तो एकट्या माझा, एवढाच आशय. गडबडीत तारीख ५ जूनच्या ऐवजी ५ जुलै टाकलीये. मूळ चिठ्ठी याच लायब्ररीची. तिचं कार्ड होतं! दोन दिवस जे शोधत होते ते इथे रॅकवर चक्क वरच्या रांगेत. हरायची तयारी ठेवलेल्या कागदाचं कार्ड म्हणून हे लोक विकतात, कारण पुढे हरले नाहीत. ट्रुमनच्या ड्रॉवरमधल्या पत्राला असा शेवट मिळाला नाही.

आवारातच त्याचं लहानपणचं घर आहे, मूळ जागेवर, पांढरं, एवढंसं, त्यात सहा मुलगे वाढले. मामीने आधी स्वयंपाकघर मोजलं. पलीकडच्या छोट्या इमारतीत तो, बायको मेमी आणि तीन वर्षांचा होऊन गेलेला त्यांचा पहिला मुलगा यांच्या कबरी. त्याला सैनिकांना देतात त्या ८० डॉलरच्या साध्या सरकारी पेटीत पुरलं, त्याचीच तशी इच्छा होती.

रात्री मोटेलात तिघांचे फोन एकदम किंचाळले, वादळाचा इशारा. मोटेलच्या मालकीणबाई गुजराती निघाल्या, त्यांनी सगळ्यांना खालच्या लाँड्रीच्या खोलीत बसवलं आणि वादळ बाजूने जाईपर्यंत आल्याचा चहा पाजला. प्रवासात मिळालेला पहिला खरा चहा. मामी आणि त्या अजून फोनवर बोलतात.

रविवार-सोमवार, वेस्ट ब्रँच करून घरी

रविवार नुसता ड्रायव्हिंगचा, मिझुरीचा कोपरा आणि अर्धी आयोवा, डि मॉइनला मुक्काम. सोमवारी वेस्ट ब्रँच. हूव्हरचं म्युझियम नूतनीकरणासाठी बंद होतं, मला माहीत होतं पण हायवेवरून दोन मिनिटांवर आहे म्हटल्यावर सोडवेना. त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनी बांधलेलं दोन खोल्यांचं घर, चौदा बाय वीस फूट, बाप लोहार, आणि नऊ वर्षांचा होईतो आई-बाप दोघंही गेलेले. समोरच्या टेकाडावर नवरा-बायकोच्या दोन पांढऱ्या सपाट शिळा, तिथून खालचं घर सरळ दिसतं, मध्ये मुद्दाम काही येऊ दिलेलं नाही. व्हिजिटर सेंटरमधून घराचं कार्ड घेतलं, मागे शिक्का मारला. मामी म्हणाली चौघांत हाच माणूस तिला आपल्यातला वाटला, मामाने त्याच्या काळातल्या मंदीचं काय असं विचारल्यावर ती म्हणाली मी घराबद्दल बोलतेय.

मला इथे खरं तर पिठाची पोती बघायची होती. पहिल्या महायुद्धात हूव्हरने बेल्जियमला धान्य पोचवायचं काम उभं केलं, आणि तिथल्या बायकांनी रिकाम्या कापडी पोत्यांवर भरतकाम करून ती आभार म्हणून परत पाठवली. म्युझियमकडे त्यांचा मोठा साठा आहे. उघडलं की परत जाणार.

कार्डांचा हिशेब: अ‍ॅबिलीनची सगळ्यांत आधी पोचली, अडीच-तीन आठवड्यांत, शिक्का जसाच्या तसा. स्प्रिंगफील्डच्या पेटीत टाकलेल्यांतली दोन अजून बेपत्ता. ग्रेस बेडेलचं एक कार्ड मामाने शाळेच्या पत्त्यावर, आत्ताच्या हेडमास्तरीणबाईंच्या नावाने टाकलं होतं, ते मिळालं. त्यांचा फोन आला की कार्ड छान आहे सर, पण भिंतीवरची फ्रेम काढायची की ठेवायची? मामा म्हणाला विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.